रुब्बुगुंड्याभोवती वॉल्ट्झ

नाचायला मी शिकले ती पुरुष म्हणून. बेळगावच्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेत वार्षिक समारंभासाठी वॉल्ट्झ बसवायचा ठरला आणि शाळेत मुलगे तर औषधालाही नव्हते. नाच शिकवणाऱ्या नन बाईंनी आम्हा सगळ्या मुलींना उंचीप्रमाणे भिंतीशी उभं केलं, रांगेच्या मधोमध हात आडवा धरला आणि जाहीर केलं, की इकडच्या सगळ्या आजपासून जंटलमन, तिकडच्या सगळ्या लेडीज. मी रांगेच्या अगदी उंच टोकाला उभी होते. माझ्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती.

ज्यांना ह्या नाचाची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जोडीत एक जण चालवतो, दुसरी चालते. चालवणारा पुढं पाऊल टाकतो, तिच्या पाठीवर ठेवलेल्या उजव्या हातानं तिला वळवतो, कुठं जायचं ते ठरवतो. चालणारीनं त्याच्या दंडावर डावा हात ठेवायचा, मागं न बघता मागं पाऊल टाकायचं आणि त्याच्या हाताचा इशारा ओळखायचा. मला हे चालवणं असं काही आवडलं, की विचारू नका. मुळात कुणी हाताला धरून ओढत नेलेलं मला लहानपणापासून खपत नसे. आई बाजारात न्यायची, तर मी तिच्या चार पावलं पुढं. इथं पुढं जाण्याबद्दल शाबासकी मिळत होती. शाळा सुटेपर्यंत दर वर्षी मी नाचले, दर वर्षी जंटलमन म्हणून. त्या हॉलच्या लाकडी जमिनीवर घिरक्या घेताना जो आनंद व्हायचा, तसा मला दुसऱ्या कशानंही होत नसे.

मग लग्न झालं आणि मी बंगळूरला आले. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. सासरचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेलं. घरात मराठी, पण निम्मी कानडीत बुडवून काढलेली. कॉटनपेटेत लांबट, अरुंद घर, पुढच्या दारातून शिरलं की एकामागून एक खोल्या, आणि शेवटी मागची पडवी. आमचे हे एका मोठ्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये होते. स्वभावानं शांत, दिसायला देखणे, आणि उंचीनं माझ्या कानाएवढे. लग्नात अंतरपाट धरणाऱ्या मामांची पंचाईत झाली होती. त्यांनी तो रीतसर नवरदेवाच्या मापानं धरला, त्यामुळे भटजींच्या मंगलाष्टका चालू असतानाच मी अंतरपाटावरून ह्यांना नीट बघून घेतलं. ह्यांना मात्र शेवटपर्यंत कापडच दिसत होतं. मी बघतेय हे ह्यांना कळलं होतं, आणि हे गालातल्या गालात हसत होते. तेव्हाच मला हा माणूस आवडला.

लग्नाला काही महिने झाले असतील. एका रविवारी घरची सगळी मंडळी बसवनगुडीला एका मुंजीला गेली होती आणि आम्ही दोघं मागं राहिलो होतो. रेडिओ लावला, तर कुठल्याशा स्टेशनवर वॉल्ट्झ चालू होता. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. माझे पाय आपसूक हलायला लागले. बघते तर चहाचा पेला हातात धरून बसलेल्या ह्यांचेही पाय खुर्चीखाली तसेच हलत होते.

"तुला येतं?" ह्यांनी विचारलं.

"येतं की!" मी म्हटलं. "तुम्हाला?"

"चांगलं येतं," हे म्हणाले. आमच्या ह्यांच्या तोंडून स्वतःबद्दल 'चांगलं' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

आम्ही उठलो. मी उजवा हात ह्यांच्या पाठीवर ठेवला, ह्यांचा डावा हात अलगद माझ्या दंडावर आला, आणि आम्ही निघालो. काय सांगू! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खुर्च्या चुकवून, एकही पाऊल न चुकता. शाळेतल्या एकाही मुलीबरोबर मी इतकी छान नाचले नव्हते. मी बोटानं नुसता विचार करावा आणि ह्यांनी वळावं. गाणं संपलं तेव्हा कुठं आम्ही एकमेकांच्या हातांकडं बघितलं.

"अहो, तुम्ही मागं चालत होता."

"आणि तू पुढं चालत होतीस!"

मग ह्यांची कहाणी बाहेर आली. कारखान्याच्या अप्रेंटिस हॉस्टेलात एक अँग्लो-इंडियन मुलगा होता. क्लबातल्या डान्सला जायचं तर आधी शिकायला हवं, म्हणून तो बाकीच्या पोरांना हॉस्टेलच्या व्हरांड्यात शिकवायचा. सगळीच पोरं. मग निम्म्यांनी दंडाला पांढरा रुमाल बांधायचा. रुमालवाले लेडीज, बिनरुमालाचे जंटलमन. सर्वांत बुटके आमचे हे. रुमाल एकदा बांधला तो हॉस्टेल सुटेपर्यंत सुटलाच नाही. "माझ्याबरोबर नाचायला पोरं भांडायची," हे मोठ्या अभिमानानं म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही हसून हसून जमिनीवर बसलो. एका घरात दोघांना उत्तम नाचता येत होतं, आणि दोघांनाही एकमेकांचंच येत होतं.

हसण्यावारी गेलं ते घरात. क्लबातल्या डान्सला ह्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा रडायची पाळी आली. कँटोन्मेंटच्या बाजूला कारखान्याचा क्लब होता. तिथं अँग्लो-इंडियन जोडपी सराईतपणे नाचायची, साहेब लोक नाचायचे, आणि आपल्या लोकांतलेही काही जण टाय लावून उतरायचे. चारचौघांत जायचं तर रीतीप्रमाणं नाचायचं, असं आम्ही ठरवलं होतं. हे चालवणार, मी चालणार. बँड सुरू झाला. हे माझ्या इशाऱ्याची वाट बघत उभे राहिले आणि मी ह्यांच्या. भोवतीनं सगळ्या जोड्या फिरताहेत आणि मधोमध आम्ही दोघं बसस्टॉपवर असल्यासारखी उभी! मग दोघांनाही एकदमच वाटलं, की आपणच निघावं. मी सवयीनं पुढं पाऊल टाकलं, हे पहिल्यांदाच पुढं आले, गुडघ्याला गुडघा आपटला. मी घाबरून मागं सरले तर माझाच पाय माझ्या साडीच्या मागच्या काठावर पडला. साडी नेसून पुढं कितीही चाला, ती निमूट बरोबर येते. मागं चालून बघा म्हणजे कळेल. तोल सावरायला मी ह्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि तसंच ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेलं.

लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. ह्यांच्याच खात्यात एक चार्जहँड, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, मोठ्या मिशांचे, क्लबातले नावाजलेले नाचणारे. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय हो, गाडी बंद पडली का? बाईसाहेबांना ढकलावी लागतेय!"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोरांनी सुट्या भागांची ट्रॉली ह्यांच्या समोरून ढकलत नेली, तोंडानं एक-दोन-तीन म्हणत. तिसऱ्या दिवशीही नेली. त्या संध्याकाळी हे घरी आले. जेवण झाल्यावर म्हणाले, "पुन्हा मी त्या फ्लोअरवर पाऊल ठेवणार नाही. तूही तो नाद सोड."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांच्यावर नव्हे, त्या मिशांवर. आणि त्या रागाखाली सरळ सरळ दुःख होतं. लग्न झालं म्हणजे नाच संपला, असं मी मनाशी कधीच धरून चालले होते. मग त्या रविवारी तो अचानक घरबसल्या परत मिळाला होता, तोही ह्या माणसाबरोबर. आता तो पुन्हा हातचा जाणार होता. मी भांडले, अबोला धरला, अबोला जमत नाही म्हणून पुन्हा भांडले. शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. डिसेंबरात क्लबाचा वाढदिवस आहे, त्यात वॉल्ट्झची स्पर्धा असते. ती एकदा नाचू. पण त्या दिवशी एक जरी माणूस हसला, तर पुन्हा कधी नाचाचं नाव काढायचं नाही."

मी कबूल झाले. दुसरा इलाज काय होता?

सराव करायला जागा म्हणजे मागची पडवी. पडवीच्या मधोमध रुब्बुगुंडू होता. म्हणजे दोशाचं पीठ वाटायचा दगड, जमिनीत पुरलेला, वर खोलगट, त्यात फिरवायचा गुंडा उभा. आजूबाजूला फिरायला जेमतेम एका जोडीपुरती वाट. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी दुपारी, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतल्या खोलीत जरा लवंडल्या, की आम्ही पडवीत उतरायचो. आत्याबाईंची झोप भारी सावध. भांडं वाजलं तरी उठायच्या. म्हणून आम्ही अनवाणी, गाण्याशिवाय, तोंडातून शब्द न काढता नाचायचो.

पहिले काही दिवस नुसती रडगाणी. मी लेडी व्हायला शिकत होते आणि हे जंटलमन. मागं न बघता मागं जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. मी सारखी मान वळवून बघे. ह्यांचं दुखणं उलटं. ह्यांना सगळं यायचं, फक्त ठरवता येत नसे. डावीकडं की उजवीकडं, ह्याचा हे इतका विचार करत, की तोवर आम्ही भिंतीला टेकलेलो असू. शिवाय मी समोर असताना ह्यांना माझ्या खांद्यापलीकडचं काही दिसत नसे. मी वैतागून कुजबुजायची, "अहो, चालवा की!" हे कुजबुजायचे, "अगं, तू चालू दे तर ना!" आणि डिसेंबर जवळ येत होता.

एके दिवशी मागं जाता जाता माझी टाच रुब्बुगुंड्यावर आपटली. अशी कळ गेली, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ओरडायची सोय नाही. त्या दिवशी दगडात वाटून ठेवलेलं पीठही होतं, थोडक्यात त्यात बसता बसता वाचले. आता काही झालं तरी तो दगड चुकवायचा, एवढं एकच ध्यान दोघांना राहिलं. मी मागं जात असले, की दगड ह्यांना दिसे. मग हे माझ्या पाठीवरच्या हातानं मला अलगद बाजूला घेत. वळण पुरं होऊन हे मागं जायला लागले, की दगड माझ्या डोळ्यांसमोर येई. मग मी ह्यांचा दंड दाबून ह्यांना बाजूला घेई. विचार करायला वेळच नव्हता. ज्याला दगड दिसला त्यानं सांभाळायचं, ज्याला दिसत नाही त्यानं विश्वास टाकायचा.

अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. मग दोघंही एकदम थांबलो.

"आत्ता कोण चालवत होतं?" ह्यांनी हळूच विचारलं.

मला सांगता आलं नाही. ह्यांनाही आलं नाही. वॉल्ट्झ म्हणजे अखंड वळणं. अर्ध्या वळणात पुरुष पुढं नि बाई मागं, उरलेल्या अर्ध्यात बाई पुढं नि पुरुष मागं. पावलं आमची अगदी रीतीप्रमाणं पडत होती. चालवण्याचं काम तेवढं प्रत्येक अर्ध्या वळणाला ह्याच्या हातातून त्याच्या हातात जात होतं. चालवणारा एकच असला पाहिजे, असं आम्हाला नन बाईंनी आणि हॉस्टेलच्या पोरानं सांगितलं होतं, आणि आम्ही शहाण्या मुलांसारखं ते ऐकलं होतं. ह्यांना दिसत नाही ही अडचणही सुटली. वॉल्ट्झमध्ये दुसऱ्या मात्रेला टाचा उचलून उंच व्हायचं असतं. मी मागं जाताना टाचा खालीच ठेवी, आणि हे तेवढ्यात माझ्या खांद्यावरून पुढचं बघून घेत.

मला इतका आनंद झाला, की मी भान विसरून ह्यांना घेऊन पडवीभर गरगर फिरले. दारात आत्याबाई उभ्या.

"अय्यो! हे काय गं? गौरी येऊन गेल्या की, आता कसली फुगडी?" त्या म्हणाल्या. आम्ही झटकन हात सोडले. त्यांनी आधी दगडात डोकावून बघितलं, मग लेकाकडं. "अण्णा, स्वल्प बघून नाच. पीठ आहे त्यात. पाय पडला तर उद्या सकाळी दोसा कुणाला घालू?"

आणि त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या, सूप घेऊन तांदूळ निवडत, आमच्याकडं बघत. पुढच्या सरावांना मग लपवाछपवी उरली नाही. उलट आम्ही दगडाच्या फार जवळून गेलो, की त्या "पीठ, पीठ!" म्हणून ओरडायच्या.

स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी मी निळी जॉर्जेटची साडी नेसले, मागचा काठ घोट्याच्या वर येईल अशी. पायात सपाट चपला. ह्यांनी लग्नातला कोट घातला. क्लबाच्या दारात ह्यांचा हात माझ्या हातात गार पडला होता. मी काही बोलले नाही, कारण माझा त्याहून गार होता.

स्पर्धेची पद्धत अशी. सगळ्या जोड्यांनी एकदम नाचायचं. परीक्षक होते एक निवृत्त बँडमास्तर, पांढऱ्या केसांचे, काठी घेऊन चालणारे अँग्लो-इंडियन म्हातारे. ते जोड्यांमधून फिरत राहत आणि ज्याच्या खांद्याला हात लावतील त्या जोडीनं बाजूला व्हायचं. शेवटी उरेल ती जिंकली.

बँड सुरू झाला. गर्दी इतकी, की पाय टाकायला जागा नाही. सराईत जोड्यासुद्धा एकमेकांवर आदळत होत्या, कारण मागं जाणाऱ्या बायकांना दिसत नव्हतं आणि सारखं वळायचं म्हटल्यावर पुरुषांनाही निम्मा वेळ पाठच करावी लागत होती. आम्हाला मात्र ती सगळी माणसं म्हणजे दगडच होते. मला दिसला तो दगड मी चुकवत होते, ह्यांना दिसला तो हे. आम्ही त्या गर्दीतून पाण्यासारखी वाट काढत गेलो. कुणाला कोपरसुद्धा लागलं नाही. बँडमास्तर दोनदा आमच्याजवळ आले आणि तसेच पुढं गेले. जोड्या कमी होत गेल्या. होता होता फ्लोअरवर आम्ही, एक अँग्लो-इंडियन जोडपं, आणि मोठ्या मिशांचे चार्जहँड त्यांच्या बायकोबरोबर, एवढेच उरलो.

मिशा मघापासून आमच्याकडं बारकाईनं बघत होत्या. कोपऱ्यात आमची वाट अडली, मी ह्यांचा दंड दाबून ह्यांना सोडवून बाहेर काढलं, आणि तेवढ्यात त्यांनी ते टिपलं. नाचता नाचताच ते मोठ्यानं म्हणाले, "सर, इथं बघा! लेडी चालवतेय! पुन्हा गाडी ढकलणं चाललंय!"

भिंतीकडंच्या खुर्च्यांत खसखस पिकली. बँडमास्तरांनी काठी वर केली आणि बँड थांबला.   हसले, लोक हसले. म्हणजे संपलं. मी ह्यांच्याकडं बघू शकेना.

बँडमास्तर आमच्यासमोर आले. "जंटलमननं चालवायचं असतं," ते इंग्रजीत म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण स्पष्ट होता. "तुमच्यात चालवतंय कोण?"

मी तोंड उघडणार होते. काय बोलले असते देव जाणे, माझा राग नाकाच्या शेंड्यावर होता. पण त्याआधी आमच्या ह्यांनी, चारचौघांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही त्या आमच्या ह्यांनी, कोटाच्या खिशातून पांढरा रुमाल काढला. त्याची घडी केली, आपला डावा दंड माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "बांध."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी सैलशी गाठ मारून तो रुमाल ह्यांच्या दंडावर बांधला. ज्यांनी त्या हॉस्टेलात दिवस काढले होते अशी बरीच मंडळी हॉलमध्ये होती. त्यांना रुमालाचा अर्थ सांगायला नको होता. कुणीतरी शिट्टी मारली. हे बँडमास्तरांकडं वळून शांतपणे म्हणाले, "सर, आत्ता ही चालवतेय. पुढचं बघा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यांनी उरलेल्या दोन्ही जोड्यांना हातानं थोपवलं आणि बँडकडं काठी फिरवली.

मी ह्यांच्या पाठीवर उजवा हात ठेवला, बेळगावच्या हॉलमध्ये ठेवायची तसा, राजरोस, आणि निघाले. आख्खं फ्लोअर आमचं! लांब लांब पावलं टाकत मी ह्यांना त्या टोकाला नेलं, हे माझ्या हातावर पिसासारखे. तिकडच्या कोपऱ्यात वळताना ह्यांनी एका हातानं रुमाल सरकवून काढला आणि वाकी चढवावी तसा माझ्या दंडावर चढवला. हात बदलले, आणि आता हे चालवत होते, आणि मी, मान वळवून बघणारी मी, डोळे मिटून मागं चालले होते. लोक हसायला लागले. मधेच रुमाल पुन्हा ह्यांच्या दंडावर गेला. हसणं वाढलं, टाळ्या तालावर पडायला लागल्या, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. रुमाल माझ्याकडं, रुमाल ह्यांच्याकडं. शेवटी तो कुणाच्या दंडावर आहे हे बघायलाही आम्ही विसरलो. सगळा हॉल हसत होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होते आमचे हे. असे खदाखदा हसताना मी ह्यांना त्या रेडिओच्या रविवारनंतर पहिल्यांदाच बघत होते. मी इतकी सुखात होते, की मला रडू येत होतं, आणि मी ते येऊ दिलं.

बँड थांबल्यावर बँडमास्तर काठी टेकत फ्लोअरवर आले. मग मिशांच्या खांद्याला हात लावला, अँग्लो-इंडियन जोडप्यातल्या नवऱ्याच्या खांद्याला लावला, आणि आमच्याकडं बघून नुसती मान लववली. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मिशा खेळाडू निघाल्या हेही सांगायला हवं. त्यांनी येऊन ह्यांचा हात दाबला आणि म्हणाले, "उद्यापासून ट्रॉली मी ढकलतो."

बक्षिसं दोन होती. पुरुषासाठी दाढीचा साबण आणि ब्रश, बाईसाठी सुवासिक पावडरचा डबा. देणाऱ्या बाई कुठलं कुणाला द्यावं म्हणून घोटाळल्या. मी ब्रश उचलला, ह्यांनी पावडर घेतली. तो डबा पुढं आत्याबाईंनी लांबवला, तो शेवटपर्यंत त्यांच्याकडंच होता.

घरी परतायला आम्ही घोड्याचा जटका केला. टपटप टापा वाजत होत्या, हवेत गारवा होता, मी खुशीत होते, आणि एकदम मला ती अट आठवली. एक जरी माणूस हसला, तर. इथं तर एकही माणूस हसायचा राहिला नव्हता. मी वाट बघितली, हे काही बोलतात का. हे मांडीवरच्या पावडरच्या डब्याचं झाकण उघडून वास घेत होते. शेवटी माझ्यानं राहवेना.

"अहो," मी म्हटलं, "लोक हसले की हो."

"हसले खरे," हे म्हणाले.

 ह्यांनी डब्याचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात फॉक्सट्रॉटचा नाच आहे. तो दगडाभोवती नाही जमायचा, सरळ जावं लागतं. पुढच्या दारापासून पडवीपर्यंत सगळ्या खोल्यांतलं सामान बाजूला करावं लागेल."

माझा जीव भांड्यात पडला. पण मी तसं दाखवलं नाही. "आत्याबाईंना कोण विचारणार?" मी म्हटलं.

"निम्म्यापर्यंत मी विचारतो," हे म्हणाले, "पुढचं तू."